वडिलांच्या अकरा पेट्या

सप्रेम नमस्कार.
माझे वडील कुडाळ तालुक्यात हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवायचे. आई गेल्यावर ते माझ्याकडे डोंबिवलीला आले, ते पुस्तकांच्या अकरा पेट्या घेऊनच. गेल्या वर्षी तेही गेले. आता आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दोन महिन्यांत जागा रिकामी करून भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय. पेट्यांत राजवाड्यांचे खंड, गॅझेटियर, संस्कृतिकोश, देवळांवरच्या नि दशावतारावरच्या पुस्तिका, स्मरणिका, बाबांच्या वह्या आणि लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद आहेत. जवळच्या वाचनालयानं सांगितलं, "कादंबऱ्या असतील तर बघू." रद्दीवाला किलोवर घ्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, ऑनलाइन विकू. पुण्याचा भाऊ म्हणतो, "बाबांची पुस्तकं विकायची नाहीत," पण स्वतः न्यायलाही तयार नाही. मला त्यातलं फारसं कळत नाही. टाकवत नाहीत आणि ठेवताही येत नाहीत. काय करू?
– एक मुलगी, डोंबिवली

ताई,

तुमच्या भावाचं वाक्य वाचून हसू आलं, माफ करा. माझी तीसेक वर्षं ग्रंथालयात गेली. वडिलांची पुस्तकं द्यायला जी जी माणसं आली, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी असा एक भाऊ होता. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं पटेल. माझ्या आजोबांची पुस्तकं वाटायची वेळ आली तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. जाडजूड, कापडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं मी निवडून ठेवली. पातळ, पिना गंजलेल्या, कव्हर फाटलेल्या पुस्तिका दोन गोण्या भरून रद्दीत घातल्या. त्यात गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका होती, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक होता, कुणा वैद्यबुवांनी स्वतःच्या खर्चानं छापलेला गावचा इतिहास होता. जाड पुस्तकं पुढं मला कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात दिसत राहिली. त्या गोण्यांतलं एकही पुस्तक पुन्हा कुठं दिसलं नाही. वैद्यबुवांचं पुस्तक तर मी अजून शोधते आहे.

तेव्हा पेट्या उघडाल तेव्हा हात उलटीकडून घाला. ज्यांची नावं ऐकून माणसं "बापरे" म्हणतात, ती पुस्तकं सुरक्षित आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचंच घ्या. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. वाईला सापडलेल्या पत्रांचा. पुढं खंड बावीसपर्यंत गेले. राजवाडे १९२६ साली गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे या खंडांवर आता कुणाचाच हक्क नाही. त्यांच्या स्कॅन प्रती घरबसल्या वाचता येतात. गॅझेटियरचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथांचं, तेच. तुमच्या वडिलांकडचा खंड बहुधा मुंबई इलाख्याच्या मालेतला दहावा असणार, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, मूळ १८८० चा. तोही संगणकावर आहे. महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहाही खंड गावोगावच्या ग्रंथालयांत आहेत. पेटीत विश्वकोशाचे खंड निघाले, तर तो पूर्ण ऑनलाइन फुकट आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी पुस्तकंही पुष्कळशी त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. यातलं काही ठेवायला जागा नसेल तर मनाला लावून घेऊ नका. इतिहासाच्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्या, तो आनंदानं नेईल. तुम्ही दिलंत म्हणून राजवाडे बुडत नाहीत.

बुडतात ती बाकीची. कुलवृत्तांत, स्मरणिका, देवस्थानाची माहितीपुस्तिका, एखाद्या नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनाचा अंक, मासिकातून वेगळे काढून घेतलेले लेख. हे छापलेच जातात दोनशे-पाचशे, वाटले जातात समारंभाच्या मांडवात, आणि पुढच्या पावसाळ्यात कसर लागते. छापखाना बंद पडलेला असतो, लेखक गेलेला असतो. विद्यापीठात कुणी प्रबंध लिहायला बसलं की त्याला नेमकं हेच लागतं आणि हेच मिळत नाही. कुलवृत्तांत म्हटला की लोक नाक मुरडतात, आपल्याच घराण्याची आरती म्हणून. आरती असतेच. पण घराणं कोणत्या साली कोणत्या गावातून उठलं, कुणाकडे दत्तक गेलं, कोण बडोद्याला नोकरीला लागलं, कोणत्या साथीत किती माणसं गेली, हे त्यात सापडतं. कोकणातून माणूस कसा बाहेर पडला हे अभ्यासायचं असेल तर त्याच्यासारखं साधन नाही.

आणि यात कमीपणाचं काही नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढं ताम्रपट-शिलालेखांबरोबर स्थलमाहात्म्यं होती, लोकगीतं होती, देवळादेवळांतल्या दंतकथा होत्या. ज्या चोपड्यांकडे आपण देवळाबाहेरची स्वस्त पुस्तकं म्हणून बघत नाही, त्यांच्याकडे त्यांनी आयुष्यभर बघितलं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दांवर मी थबकले, त्यांच्याविषयी. तुम्ही "बाबांच्या वह्या" असं एका ओळीत उरकलंत. त्या वह्यांत काय आहे ते लिहिलं नाहीत, बहुधा उघडल्याच नसाव्यात. दक्षिण कोकणातला इतिहासाचा मास्तर, घरात दशावताराच्या पुस्तिका जमवणारा, तो जत्रेच्या रात्री वही घेऊन बसला नसेल असं मला वाटत नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे तुम्हाला माहीत असेलच. आख्यान ठरतं, कोण कोणती भूमिका घेणार ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. सुरुवातीचा आडदशावतार, त्यातला संकासुर, गणपती, मग आख्यान, पहाटे दहीकाला, आणि सकाळी सगळं हवेत विरून जातं. त्या रात्री कुणी चार ओळी टिपून ठेवल्या असतील, कुठल्या गावच्या जत्रेत कुठल्या मंडळानं कुठलं आख्यान लावलं एवढी नुसती यादी जरी असेल, तरी ती वही तुमच्या अकरा पेट्यांतली सगळ्यांत मोलाची वस्तू आहे. तिची दुसरी प्रत जगात नाही. वहीत कदाचित फक्त दूधवाल्याचा हिशेबही निघेल. पण उघडल्याशिवाय ते कळायचं नाही.

हाच न्याय पुस्तकांच्या समासाला. छापील पुस्तक हजार ठिकाणी असेल, पण तुमच्या वडिलांनी पेन्सिलीनं खुणा केलेली प्रत एकच. गॅझेटियर साहेबांच्या कचेरीत तयार झालं. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी माहिती पाठवायची आणि कॅम्बेलसाहेबांनी ती संपादित करायची, असा तो कारभार होता. त्यात गावांची नावं बिघडली, देवळं चुकीच्या वाडीत गेली. कुडाळच्या मास्तरांनी समासात "हे देऊळ पलीकडच्या वाडीत" असं लिहिलेलं असेल, तर तेवढ्यापुरतं सरकारी पुस्तकापेक्षा मास्तर खरे. खोडरबर लावू नका. पानांत ठेवलेली कात्रणं, एसटीची तिकिटं, पोस्टकार्डं काढून एकत्र करू नका. ज्या पानात सापडलं त्याच पानात राहू द्या. फार तर तेवढ्या पानाचा फोटो घ्या.

मोडी कागदांबद्दल थोडं सावध बोलते. लाल फडकं पाहिलं की घरोघरी शिवाजी महाराजांचं पत्र सापडल्याची स्वप्नं पडतात. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती, शाळेतही शिकवली जायची. तुमच्या फडक्यातला कागद १९२० सालची उधारीची चिठ्ठी असायचीच शक्यता जास्त. खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, वसुलीचा हिशेब असेल, आंब्याच्या कलमांच्या वाटणीचा कागद असेल. आणि तसं निघालं तर खट्टू होऊ नका. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. ती चालायची कशी, कुळाकडून काय घेतलं जायचं, हे कायद्याच्या पुस्तकात कमी आणि अशा चिठोऱ्यांत जास्त सापडतं.

फडकं सोडायचं तर कोरड्या दिवशी, पंखा बंद करून, स्वच्छ चादरीवर. कागद ज्या क्रमानं बांधलेत तो क्रम मोडू नका. जुन्या दप्तरांत रुमालाची बांधणी हीच अर्धी माहिती असते, कोणता कागद कोणाशेजारी होता त्यावरून अर्थ लागतो. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका. सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. लॅमिनेशन केलेला जुना कागद पाहिला की मला आजही पोटात कालवतं. खिडकीजवळ, पण उन्हात नाही, अशा जागी मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. मग ते फोटो मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कामात आहे, मोडीचे वर्गही चालवतं. राज्याचा पुराभिलेख विभागही आहे. मूळ कागद वाचून होईपर्यंत कुणाच्या हातात देऊ नका, अगदी माझ्यासारखीच्याही. त्यात जमिनीचं काही असेल आणि चुलत घराशी कज्जा असेल, तर आधी ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

यादीचं काम कंटाळवाणं आहे, पण टळणार नाही. मुलाला सांगा, ऑनलाइन विकायची हौस आहे ना, मग पहिलं पान आणि त्यामागचं मुद्रणाचं पान, असे प्रत्येक पुस्तकाचे दोन फोटो काढ. साल, आवृत्ती, प्रकाशक, छापखाना, किंमत सगळं त्या दोन पानांत येतं. दिवसाला एक पेटी म्हटली तरी पंधरवड्यात उरकेल. तोवर रद्दीवाल्याचा फोन उचलू नका. "घेऊन जातो, मग बघू" म्हणणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याचा तर मुळीच नको. तो साय काढून नेतो आणि निवळ दूध तुमच्या दारात ठेवतो. विकणं वाईट नाही. बाबांनी पगारातून घेतलेली पुस्तकं आहेत, त्यांचे पैसे आले तर त्यात लाज कसली? फक्त आपण काय विकतोय ते ठाऊक असावं, आणि वह्या, समासात लिहिलेली पुस्तकं, स्मरणिका त्यात नसाव्यात.

वाचनालयानं नाही म्हटलं त्याचा राग धरू नका. त्यांना जागा नाही, कपाटं नाहीत, आणि दारात रोज कुणीतरी वडिलांची पुस्तकं घेऊन उभं असतं. मीही कितीदा नाही म्हटलंय. पण तुम्ही विचारलंत ते रिकाम्या हातानं. "अकरा पेट्या आहेत" असं म्हटलं की ग्रंथपालाला नुसती अकरा पेट्यांची धूळ दिसते. तीच गोष्ट यादी पाठवून, "दक्षिण कोकण आणि गोवा या विषयावरचा साठ-सत्तर पुस्तिकांचा संग्रह आहे, त्यातल्या काही दुर्मीळ आहेत" असं लिहिलंत की वाचणारा सरसावून बसतो. जवळच ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. त्यांना जरूर विचारा. पण माझा कौल विचाराल तर कोकणच्या गोष्टी कोकणात जाव्यात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेची, पुस्तिका ठेवली, तर ती मागणारा माणूस दहा मैलांवर असतो. चित्रकथीचं म्हणाल तर पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी संग्रहालयच उभं केलंय. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी जपणाऱ्या ठाकर समाजाच्या कलांवरचं काही सापडलं तर आधी तिकडे कळवा. सावंतवाडीच्या गंजिफांवरचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांवरचं, काही निघालं तर तेही वेगळं काढा. दशावतारी गंजिफाचा एकशेवीस पानांचा डाव असतो, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात ती कला सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली, तिच्याबद्दल त्या काळात छापलेलं साहित्य आता सहज मिळत नाही. गोव्यासंबंधीची पुस्तकं असतील, गोव्याचे इतिहासकार पिसुर्लेकर यांची वगैरे, तर पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच, १८३२ सालचं. वाडीकर सावंत, म्हणजे सावंतवाडीचे राजे, आणि पोर्तुगीज यांचं भांडण-तह इतकं गुंतलेलं आहे की एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय लिहिता येत नाही. बाबांच्या पेटीत गोवा निघणारच.

देण्याआधी तीन प्रश्न मात्र विचारा. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाची नोंद करणार का? संग्रह एकत्र ठेवणार की विखुरणार? आणि पाच वर्षांनी निर्लेखन करायची वेळ आली, तर ही पुस्तकं परत घ्यायला आम्हाला कळवणार का? निर्लेखन म्हणजे ग्रंथालयानं पुस्तकं अधिकृतपणे बाद करणं. ते होतं, आणि दात्याला त्याचा पत्ता नसतो. या तिन्हीला गोलगोल उत्तर आलं तर कितीही मोठी पाटी असो, पुढच्या दाराकडे वळा. बाबांच्या नावाचं कपाट हवं असा आग्रह धरू नका. कपाट मागितलं की समिती, ठराव, समारंभ, शाल-श्रीफळ सुरू होतं. पहिल्या पानावर बाबांच्या नावाचा छोटा शिक्का पुरे.

स्वतःसाठी काय ठेवाल ते एका कपाटाच्या दोन फळ्यांत बसलं पाहिजे, एवढंच बंधन घाला. मला कळत नाही म्हणता, पण सगळंच काही कठीण नाही. इरावती कर्वे यांचं 'मराठी लोकांची संस्कृती' पेटीत असेल तर ठेवा. १९५१ चं आहे आणि सहज वाचता येतं. शं. गो. तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' असेल, १९६३ चं, तर तेही लगेच देऊन टाकू नका. कादंबरीसारखं वाचायचं ते पुस्तक नव्हे. एखादाच लेख उघडायचा, मूळ ओळ, खाली तिचा अर्थ. सात-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत देवळाला काय दान दिलं ते तिथं असतं, आणि दान मोडणाऱ्याला घातलेल्या शिव्याही असतात. त्या वाचून तुमचा मुलगासुद्धा पुस्तक हातात धरेल.

नव्या जागेत डांबराच्या गोळ्यांऐवजी कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा. आपल्याकडे पोथ्यांना तेच ठेवत आले. त्यांचा खोकला येत नाही. भिंतीला टेकून कपाट नको, बोटभर फट हवी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुस्तकं चाळायची, तेवढं केलं तरी कसर फार धजत नाही.

आता भाऊ. वाद घालू नका. यादी तयार झाली की त्याला पाठवा आणि लिहा, "यातलं जे हवं त्यावर खूण कर आणि अमुक तारखेपर्यंत घेऊन जा. उरलेलं या या ठिकाणी चाललंय." तारीख पक्की घाला. माझा अनुभव असा की अशा याद्यांवर एखादी खूण होते, तीही लहानपणी वडिलांनी मांडीवर बसवून वाचलेल्या पुस्तकावर. ते त्याला द्या. ते पुस्तक तुम्हालाही हवं असेल तर मात्र भांडा, मी मध्ये पडत नाही.

तुमच्या वह्यांत दशावताराचं काही निघालं तर मला एका ओळीनं कळवा. आणि यादी, भाऊ, वाचनालय सगळं नंतर. आज संध्याकाळी चहा झाला की त्या वह्यांची पानं तेवढी फोटोत घ्या. फोटो मुलाच्या फोनमध्ये आणि भावाच्याही फोनमध्ये ठेवा. न्यायला तयार नसला तरी तेवढी जागा त्याच्याकडे असेल.